आपल्या माणसांतले डॉक्टर राणे

डॉक्टर राणे पेशंटला आधी नाव विचारत नसत. स्ट्रेचर आत आलं की पडदा पुरता सरकायच्या आधीच त्यांचा प्रश्न यायचा, "शेवटची लघवी कधी झाली?" हा एक प्रश्न त्यांना इंग्रजी, मलाय, तमीळ, हिंदी, मराठी आणि दोन-तीन चिनी बोलींत येत असे. त्या चिनी बोलींतलं बाकी काही म्हणजे काही येत नव्हतं. एखादी सुरकुतलेली आजीबाई हे ऐकून दचकायची आणि नर्सकडे बघायची, आणि नर्स छताकडे बघायची.

नव्वदच्या दशकातलं सिंगापूर. तिथल्या एका मोठ्या इस्पितळाच्या इमर्जन्सीत मी तात्पुरत्या नोंदणीवर ज्युनिअर डॉक्टर म्हणून लागले, तेव्हा राणे आमचे सीनियर होते. पन्नाशी उलटलेली, अंगाने काटक, मूळ वेंगुर्ल्याचे. मुंबईत शिकून काही वर्षं बोटीवर डॉक्टर म्हणून हिंडले आणि एकदा या बंदरात उतरले ते परत चढलेच नाहीत. मी मराठी, म्हणून ते माझ्याशी जरा गोड बोलतील अशी माझी समजूत होती. ती पहिल्याच सकाळी गेली. उलट्या होणाऱ्या एका पेशंटची माहिती मी त्यांना मोठ्या हौसेने सांगत होते. किती वेळा झाली, रंग कसा होता, त्यात काय काय होतं. ते म्हणाले, "बाहेर काय पडलं ते नातेवाईकही सांगतात. आत काय उरलंय ते तू सांग." माझा चेहरा पडला. तो त्यांनी पाहिला आणि पुढच्या खाटेकडे गेले.

उलटी हा त्यांचा खास विषय. बाकीच्या डॉक्टरांना हृदयविकार, अपघात असलं काहीतरी भारदस्त लागायचं. राणे मात्र उलटीच्या पेशंटपाशी रेंगाळायचे. म्हणायचे, उलटीला कोणी भीत नाही म्हणून ती मारते. उलटीबरोबर पोटातलं आम्ल जातं, पाणी जातं, मीठ जातं. उरलेलं मीठ वाचवायला मूत्रपिंड पोटॅशियम सोडून देतं. पोटॅशियम गेलं की स्नायू लुळे पडतात, आणि हृदय हाही स्नायूच. हे त्यांनी आमच्याकडून इतक्यांदा म्हणवून घेतलं की ते पाढ्यांसारखं पाठ झालं. ते स्वतः पेशंटची जीभ बघायचे, हाताची कातडी चिमटीत धरून सोडायचे आणि मग म्हणायचे, "मान उचला उशीवरून." ज्याला मान उचलता येत नसे त्याला रक्ताच्या रिपोर्टची वाट न बघता मॉनिटरखाली घेत. ईसीजीची पट्टी खिडकीशी नेऊन, चष्मा कपाळावर चढवून वाचत. वाचताना त्यांचा खालचा ओठ बाहेर यायचा. तो जितका बाहेर, तितकं प्रकरण गंभीर, असा आमचा हिशेब होता.

वयात आलेल्या कोणत्याही बाईला उलट्या होत असल्या की तिला काही न विचारता ते लघवीची प्रेग्नन्सी टेस्ट करायला लावत. एकदा त्यांनी एका ननचीही करवली. तिने पुढे त्यांना माफ केलं, पण आमच्या हेड नर्सने नाही केलं.

आणि एक स्टूल होतं. पोटॅशियम घातलेली सलाईन लावली की राणे ते स्टूल ओढून पेशंटजवळ बसायचे. एक डोळा मॉनिटरवर आणि बोटं नाडीवर. बाहेर कितीही गर्दी असो, ते बसलेले असले की त्यांना उठवायचं नाही. पहिल्या आठवड्यात मला तो नाटकीपणा वाटला होता.

मग तो रत्नागिरीकडचा खलाशी आला. बोट बंदराबाहेर नांगरलेली, लाँचमधून त्याला किनाऱ्यावर आणलेलं. पाय उचलत नव्हता. बोटीच्या एजंटाने पक्षाघात म्हणून सांगितलं. राणेंनी त्याला मान उचलायला सांगितली, ती उचलली नाही. ईसीजी पाहिला आणि त्यांचा ओठ बाहेर आला. बऱ्याच दिवसांच्या उलट्यांनी पोटॅशियम तळाला गेलेलं. माझा जोडीदार डॉक्टर टॅन हुशार होता आणि चपळ होता. त्याने पोटॅशियमची कुपी फोडली, सिरिंजमध्ये ओढली आणि थेट शिरेत द्यायला निघाला. कमी आहे तर भरू, एवढाच त्याचा साधा विचार. राणेंनी त्याचं मनगट असं पकडलं की सिरिंज खाली पडली, आणि तिथल्या लोकांच्या इंग्रजीत ओरडले.

"टॅन, यू वॉन्ट टू किल हिम, यूज अ नाइफ लाह! नाइफ, अ‍ॅट लीस्ट एव्हरीबडी कॅन सी."

एकदम शिरेत गेलेलं पोटॅशियम हृदय जागच्या जागी थांबवतं. पुस्तकात आम्ही दोघांनी ते वाचलेलं होतं. पण पुस्तकातलं वाचलेलं आणि हातातली सिरिंज यांची गाठ पडायला वेळ लागतो. टॅन पांढराफटक पडला. राणेंनी सलाईनच्या बाटलीत पोटॅशियम मिसळून थेंबांचा वेग बांधून दिला, स्टूल ओढलं आणि बसले. खलाशी मराठी बोलणारं माणूस बघून रडायला लागला.

"डॉक्टर, मी परत चालेन का हो?"

"चालशील. पण घाई कित्याक? तुझ्यावाचून बोट बुडत नाही."

दुपार सरता सरता त्याने गुडघा वर केला. मग राणे त्याच्यावर उखडले. इतके दिवस उलट्या होत होत्या तर कॅप्टनला का नाही बोललास? तो खाली मान घालून म्हणाला, "दर्यावर जन्म गेला साहेब. मला बोट लागली असं कसं सांगू?" बाहेर येऊन राणे मला म्हणाले, "आपली माणसं मरतील पण सांगणार नाहीत. म्हणून विचारायचं असतं." त्या संध्याकाळी त्यांनी टॅनला कॉफी पाजली आणि सिरिंजबद्दल अवाक्षर काढलं नाही. फक्त उठताना म्हणाले, "घाई तपासताना करायची. भरताना नाही." हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. शरीराने हळूहळू घालवलेलं हळूहळूच परत द्यावं, असा त्याचा अर्थ. टॅन तेव्हापासून त्यांचा भक्त झाला.

हे झाले इस्पितळातले राणे. मंडळातले राणे अगदी वेगळे होते.

आमचं मराठी मंडळ लहानसं होतं. बोटीवरचे इंजिनीअर आणि त्यांच्या बायका, आणि नव्याने पुण्या-मुंबईहून आलेली कॉम्प्युटरवाली जोडपी. तिथे राणे म्हणजे राणेकाका. मरीन परेडच्या फ्लॅटमध्ये एकटे राहायचे. लग्न झालं होतं, टिकलं नव्हतं, यापलीकडे कुणी खोलात गेलं नाही. पण कुणाच्या घरी जेवायला बोलावलं की हा माणूस मोगऱ्याची वेणी घेऊन वेळेआधी हजर. मांडी घालून बसणार, आमटीची वाटी तोंडाला लावून संपवणार आणि वहिनींना म्हणणार, "आमच्या आयशीच्या हातची आठवण झाली." प्रत्येक वहिनीला हेच म्हणायचे. सगळ्या वहिनींना हे माहीत होतं आणि तरी जी ती खूश व्हायची. मी इस्पितळात त्यांची बोलणी खाऊन आलेली असायची, त्यामुळे मला हे बघून हसू यायचं आणि रागही यायचा.

सुट्टीच्या दिवशी ते कधीकधी सगळ्यांना पुलाउ उबीनला न्यायचे. लाकडी मोटारबोटीतून बेटावर उतरायचं, भाड्याच्या खिळखिळ्या सायकली घ्यायच्या आणि जुन्या गावातल्या घरांवरून रमतगमत फिरायचं. एकदा तिथे मंडळाचे एक जाडजूड खजिनदार चढावर धापा टाकायला लागले. ओठ निळसर झाले होते. मी राणेंकडे पाहिलं. वाकून त्यांनी स्वतःच्या सायकलच्या चाकातली हवा सोडून दिली आणि ओरडले, "अरे, माझी पंक्चर झाली! चला, आता सगळे चालत." सगळे हळूहळू चालले, सावलीत बसले, नारळपाणी प्यायले. परत येताना त्यांनी माझ्या कानाशी सांगितलं की उद्या त्याच्या बायकोला फोन कर आणि त्याला ईसीजीला घेऊन ये म्हणावं. तुझ्या नावावर सांग.

"तुम्हीच का नाही सांगत?"

"आपल्या माणसांत डॉक्टरकी करू नये, बाय. घरं बंद होतात."

ईसीजीत हृदयाचा त्रास वेळेत सापडला आणि खजिनदार वाचले. मला ती युक्ती तेव्हा फार आवडली होती.

मिलिंद आणि मेघना बुकित पंजांगला राहायचे. मिलिंद पुण्याचा, एम्प्लॉयमेंट पासवर आलेला, एका कंपनीत प्रोग्रॅमर. मेघना अलिबागची. तिने राणेंना पहिल्यांदा सोलकढी दिली तेव्हा त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं होतं आणि त्या दिवशी ते आयशीबद्दल काही बोलले नाहीत. त्यानंतर ते घर त्यांचंच झालं. ती त्यांना "काका" म्हणायची ते मंडळातल्या इतरांसारखं नाही, सख्ख्या काकाला म्हणतात तसं. त्यांच्या तुटक्या बटणाचे शर्ट ती घेऊन जायची आणि बटणं लावून परत द्यायची.

एका रविवारी राणे आणि मी तिथे चहाला गेलो. मेघनाचे गाल बसले होते. चहा ठेवून ती आत गेली आणि मोरीतला नळ मोठ्याने सुरू झाला. नळ कशासाठी सोडला होता ते न कळण्याइतकी आम्ही दोघं अडाणी नव्हतो. ती परत आली तेव्हा राणे म्हणाले, "काय गो, बरं नाही?"

"पित्त झालंय, काका."

मिलिंद म्हणाला, "हॉकर सेंटरला काहीतरी खाल्लं, तेव्हापासून चाललंय."

राणे हसले. हातात चिवड्याची बशी होती. "काही गोड बातमी वगैरे नाही ना?"

"छे हो, काका!" दोघं एकदम म्हणाले आणि दोघंही हसले.

राणेंनी मीठ-साखरेचं पाणी घोट घोट घ्यायला सांगितलं, बरं वाटलं नाही तर इस्पितळात ये म्हणाले आणि बोलणं दुसरीकडे नेलं. लघवीचा प्रश्न त्यांनी विचारला नाही. मान उचलायला सांगितली नाही, जीभ पाहिली नाही. परतताना बसमध्ये मी म्हटलं, सर, टेस्ट करून घ्यायला हवी होती. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "ती नाही म्हणाली ना? आपली पोर आहे. खोटं कशाला बोलेल?"

ती खोटं बोलली होती, आणि तिच्या बाजूने तिचं बरोबर होतं. आदल्या वर्षी दिवस राहिले तेव्हा मिलिंदने हौसेने सगळ्यांना सांगितलं होतं, पुण्यात पेढे वाटले होते, आणि मग ते टिकलं नाही. सांत्वनाला येणाऱ्यांना तोंड देता देता मेघना अर्धी झाली होती. या खेपेला सासूबाईंनी फोनवर बजावलं होतं की तीन महिने पुरे होईपर्यंत कुणाला म्हणजे कुणालाही सांगायचं नाही. आपल्याकडे कुठल्या घरात हे सांगत नाहीत? आणि उलट्या काय, होतातच. पुढे अशक्तपणा वाढला तेव्हा मिलिंद तिला इमारतीखालच्या क्लिनिकमध्ये घेऊन गेला आणि आपल्याकडे सांगतात तसं त्याने डॉक्टरला सांगितलं, "ग्लुकोज चढवा." तिथेही गरोदरपणाला नाहीच म्हणाले. ग्लुकोजची बाटली चढली की तिला एखादा दिवस तरतरी वाटायची. मग पुन्हा बाटली. असं बरंच चाललं. राणेकाकांना उगाच त्रास नको, म्हणून त्यांना कळवलं नाही.

एका सकाळी मिलिंद तिला टॅक्सीतून इमर्जन्सीत घेऊन आला. राणेंनी पडदा सरकवला आणि नेहमीचा प्रश्न विचारला. मिलिंद म्हणाला, "काल सकाळी, बहुतेक." मेघनाची बुबुळं थरथरत होती. राणेंकडे बघून ती हसली आणि म्हणाली, "काका, तुम्ही दोघं आलात?" तिच्यासमोर ते एकटेच उभे होते. मी तर तिच्या पायांशी होते. तिला एकाचे दोन दिसत होते.

राणेंचा आवाज एकदम खाली आला. "मेघना, तुला दिवस गेलेत?"

तिने मिलिंदकडे पाहिलं. त्या अवस्थेतही आधी त्याच्याकडे पाहिलं. मिलिंद तिथेच खाली बसला आणि म्हणाला, "आई म्हणाली होती, तीन महिने..."

नर्स ट्रॉलीवर ग्लुकोजची बाटली घेऊन येत होती. राणेंनी ती तिच्या हातातून काढून घेतली. "आधी बी-वन, शिरेतून, आत्ता," ते म्हणाले. इतक्या आठवड्यांच्या उलट्यांनी शरीरातलं हे जीवनसत्त्व संपत येतं आणि ग्लुकोज जाळायला तेच लागतं. प्रत्येक बाटलीने मेघनाच्या मेंदूचा उरलासुरला साठा खाल्ला होता, शिवाय रक्तात राहिलेलं थोडं पोटॅशियमही पेशींत ढकललं होतं. तरतरी आली असं घरच्यांना वाटत होतं तेव्हा हे होत होतं. ईसीजीत ठोके चुकत होते. लॅबवाल्याचा तर पोटॅशियमच्या आकड्यावर विश्वासच बसेना. त्याने पुन्हा तपासून फोन केला. राणेंनी साध्या सलाईनमध्ये पोटॅशियम बांधून दिलं, मॅग्नेशियम दिलं, सोडियम झपाट्याने चढू नये म्हणून थेंबावर टॅनला बसवलं. मग स्टूल ओढलं. दोनदा हृदय भरकटलं आणि आपसूक ताळ्यावर आलं. दोन्ही वेळा मी सिरिंजकडे बघत होते, काहीतरी करावं म्हणून हात शिवशिवत होते. राणे फक्त म्हणाले, "थांब." त्यांचे ओठ मात्र पांढरे झाले होते. इतकं घाबरलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

हृदय वाचलं. दुसऱ्या दिवशी तिने मान उचलली. चार-पाच दिवसांत डोळे स्थिर झाले. मूल त्याच आठवड्यात गेलं. वाईट झालं, पण पोरगी तर हाती लागली, असं आम्ही म्हणत होतो. मग वॉर्डातली सिस्टर म्हणाली की ही रोज सकाळी विचारते, मी कुठे आहे. सांगितलं की ऐकते, आणि चहा पिऊन झाला की परत विचारते. मूल गेल्याचं मिलिंदने तिला सांगितलं तेव्हा ती आकांत करून रडली. अर्ध्या तासाने ती त्याला म्हणाली की असा का बसलायस, जेवलास का? त्याने पुन्हा एकदा सांगितलं, आणि त्यानंतर कधीच सांगितलं नाही. मागचं सगळं तिला आठवत होतं, अलिबाग, लग्न, सोलकढी. नवं काही टिकत नव्हतं. बी-वन द्यायला उशीर झाला होता आणि झालेली हानी भरून येणार नव्हती.

मी रागाने मिलिंदबद्दल, त्याच्या आईबद्दल, त्या क्लिनिकबद्दल बरंच बोलले. राणेंनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "विचारलं मी. उत्तर 'नाही'च यावं असं विचारलं. बशी हातात घेऊन, नवऱ्यासमोर, हसत हसत. त्या ननशी आपण बरे वागलो."

ते खरं होतं.

त्यानंतर मंडळातले राणे उरलेच नाहीत. कुणाच्या घरी गेले की नवऱ्याला बाहेर पाठवायचे, बाईला समोर बसवायचे आणि इमर्जन्सीतल्या आवाजात विचारायचे. पाळी कधी आली? उलट्या होतात? लघवी किती होते? हळदीकुंकवाच्या समारंभात उभं राहून त्यांनी तीन महिने न सांगण्याबद्दल भाषण केलं. बायका पदरात तोंड लपवून हसल्या, मग रागावल्या. म्हातारा चळला, असंही कुणी म्हणालं. हळूहळू आमंत्रणं थांबली. मी ते त्यांच्या कानावर घातलं तर म्हणाले, "माहीत आहे," आणि पुढची खाट बघायला गेले.

मिलिंदने पुण्याला परत जायचं ठरवलं. माझीही नोंदणी संपत आली होती. निघायच्या आधी मेघनाला भेटावं म्हणून मी बुकित पंजांगला गेले. दारात राणेंच्या चपला होत्या. मिलिंदची आई सुनेला सांभाळायला येऊन राहिली होती. तिने दार उघडलं, पण नजर वर केली नाही. घरात खोकी बांधलेली होती. मेघना छान दिसत होती, वेणी घातलेली, गाल पुन्हा भरलेले. मला तिने "ये ना" म्हटलं. राणे तिच्यासमोर बसले होते. सासूबाई चहा टाकायला आत गेल्या तशी ती पुढे वाकली.

"काका, एक सांगू? कुणाला बोलायचं नाही हं. मला दिवस गेलेत. आई म्हणाल्यात तीन महिने कुणाला सांगायचं नाही. पण तुम्ही डॉक्टर ना, म्हणून तुम्हाला सांगते."

राणेंनी तिचं मनगट हातात घेतलं. "उलट्या होतायत?"

"खूप होतात हो. पाणीसुद्धा राहत नाही."

"बरं झालं सांगितलंस. आता काळजी करायची नाही. मी आहे."

तिला इतकं हलकं वाटलेलं दिसत होतं की मला तिथे बसवेना. ती खिडकीतून खाली बघायला लागली. खाली मुलं खेळत होती. मग वळून, राणेंना नुकतंच पाहिल्यासारखी ती हसली, "अगंबाई, काका! कधी आलात?" थोड्या वेळाने आतल्या दाराकडे चोरून बघत ती पुन्हा पुढे वाकली.

मी उठले. चपला घालून कॉरिडॉरमध्ये आले. लिफ्ट येईना. दार उघडंच होतं आणि राणेंची पाठ मला दिसत होती. ते खुर्ची आणखी जवळ ओढून बसले होते.

"उलट्या होतायत?" ते विचारत होते. मुळीच घाई न करता, पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखं. "बरं झालं गो, सांगितलंस."